खाऱ्या पाण्यातले पाहुणे

आमच्या दुकानाच्या पाटीवर सुरुवातीला ‘मत्स्यालय’ असं लिहिलं होतं. पहिल्याच रविवारी लोक पिशव्या घेऊन हजर. रोहू आहे का, कटला ताजा आहे का, कापून देता का. एका गृहस्थांनी टाकीतल्या गोल्डफिशकडे बराच वेळ पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, “हे तळून बरे लागते का रश्श्यात?” दुसऱ्याच दिवशी पेंटरला बोलावलं आणि पाटीवर ‘शोभेचे मासे व काचेच्या टाक्या’ असं करून घेतलं. रोहू मागणारे कमी झाले, पण पांढरकवड्यात माझं नाव ‘मच्छीवाली ताई’ पडलं ते पडलंच. आता फोन उचलल्यावर मीसुद्धा तेच सांगते.

आमचा मूळ धंदा काचेचा. माझे मिस्टर आरसे, तसबिरी, शोकेस करायचे. कापलेल्या काचेचे तुकडे उरायचे, ते फेकायला माझं मन होईना. म्हणून मी ते सिलिकॉनने चिकटवून एक पेटी केली, पाणी भरलं आणि त्यात गप्पी मासे सोडले. तसबीर न्यायला आलेली माणसं तसबीर विसरून पेटीपुढे उभी राहू लागली. मिस्टर म्हणाले, “बाई, धंदा तर तुझ्याकडे चालला.” तेव्हापासून काच त्यांची आणि पाणी माझं, अशी आमच्यात वाटणी आहे.

लोकांना वाटतं, मासे पाळणं म्हणजे पेटी आणायची, नळाचं पाणी भरायचं आणि मासा सोडायचा. प्रत्यक्षात पाळावं लागतं ते पाणी. पाणी धड असलं की मासा आपलं आपण बघतो. पाणी बिघडलं की मासा मरतो आणि मग माझ्याकडे पंचनाम्याला येतो. मेलेला मासा पिशवीत घालून लोक काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, “पाहा बरं ताई, कायनं मेला?” बऱ्याचदा तो लाडाने मेलेला असतो. येता-जाता सगळ्यांनी चिमूटभर खाऊ टाकलेला असतो, माशाने खाल्ला तो थोडा आणि उरलेला तळाशी कुजलेला असतो.

नमुनेही एकेक भेटले. राजूरच्या एका खाणकामगाराची तक्रार होती की पांढरा मासा नेला तो महिन्याभरात राखाडी झाला, बदलून द्या. मी जाऊन पाहिलं. मासा पांढराच होता, कोळशाच्या धुळीने काच काळी पडली होती. मी फडक्याने काच पुसली तर त्यांची बायको टाळ्या वाजवायला लागली. केळापूरकडच्या एका गुरुजींचं प्रकरण मात्र वाईट. त्यांच्या टाकीतलं पाणी हिरवं झालं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक. गुरुजींनी बाही वर करून टाकीत मनसोक्त तुरटी फिरवली. पाणी इतकं नितळ झालं की तळाशी आडवे पडलेले मासे अगदी स्पष्ट दिसत होते. गुरुजी रडवेले होऊन म्हणाले, “आमच्या आजीनं जन्मभर तुरटी फिरवली हो, घरात कोनी मेलं नाई.” त्या माशांचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून टाकी विकताना मी आधी तुरटीचं नाव काढते आणि मग किमतीचं.

या सगळ्या वर्षांत माझा कायमचा वैरी एकच, शेवाळ. गोड्या पाण्यातलं शेवाळ मी कोळून प्यालेय असं म्हटलं तरी चालेल. उजेड कमी करा, खाऊ कमी करा, पाणी बदला, आठ-पंधरा दिवसांत ते गाशा गुंडाळतं. खाऱ्या पाण्यातल्या शेवाळाने मात्र माझ्या नाकी नऊ आणले. तीच गोष्ट सांगायला बसलेय.

एके दिवशी दुकानात प्रेमसिंगभाऊ आले. जवळच्याच एका बंजारा तांड्यावर राहतात, घरची शेती आहे, आणि नागपूर-हैदराबाद रस्त्यावर त्यांचे ट्रक चालतात. हैदराबादच्या एका हॉटेलात काढलेला फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. निळंशार पाणी, खडक, आणि त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे. “ताई, असा समुद्र पाह्यजे,” ते म्हणाले.

“भाऊ, गप्पी घ्या, मोली घ्या. खाऱ्या पाण्याचं झंझट कायले करता?” मी म्हटलं.

ते स्टुलावर बसले आणि टोपी काढून हातात फिरवत राहिले. “याडी जेवत नाई,” ते म्हणाले.

याडी म्हणजे गोरबोलीत आई. प्रेमसिंगभाऊंच्या आईला सगळा तांडाच याडी म्हणतो. त्यांचे वडील तांड्याचे नायक होते. भांडण असो, सोयरीक असो, वाट चुकलेला ड्रायव्हर असो, माणूस आधी नायकाच्या ओसरीवर यायचा. आणि आलेला माणूस जेवल्याशिवाय उठायचा नाही, हा याडीचा कायदा. शेवटचा पाहुणा हात धुऊन उठला की मग याडी स्वतःचं ताट घ्यायची. जन्मभर हाच क्रम. नायक गेले, नायकी दुसऱ्या घरात गेली आणि माणसांची वर्दळही तिकडेच गेली. ओसरी रिकामी झाली. सून सुनीता ताट वाढून समोर ठेवायची, तर याडी म्हणायची, “अजून कोनी आलं नाई. मी कशी जेवू?” दोन घास खाल्ले तर खाल्ले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, आजार काही निघाला नाही. मन रमवा म्हणाले. टीव्ही आणला तर तो तिने बंद करायला लावला. म्हणे, “थे मानसं नुसते बोलतेत, चहा घेत नाईत.”

“वाळून काडी झाली ताई,” प्रेमसिंगभाऊ म्हणाले. “हाटेलात थे मासे काचेपाशी येऊन आपल्याकडे पाहतेत. मले वाटलं, घरात कोनी तरी येऊन राह्यलं असं तिले वाटन. अन् खाऱ्या पान्याचं काय घेऊन बसल्या? आमच्या आज्या-पणज्यानं बैलावर मीठ वाह्यलं. मिठाले आमी भेत नाई.”

मी जन्मात खाऱ्या पाण्याची टाकी केली नव्हती. पण नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही, आणि त्यांचा चेहरा पाहून तर ते शक्यच नव्हतं. नागपूरच्या एका जुन्या ठोक व्यापाऱ्याला फोन करकरून मी त्याचं डोकं खाल्लं आणि कामाला लागले. मिस्टरांनी जाड काच कापली. ओसरीलगतच्या खोलीत लांबरुंद टाकी बसली आणि तिच्या खालच्या कपाटात दुसरी लहान टाकी. वरचं पाणी खाली उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंपाने पुन्हा वर चढतं. आपल्या उन्हाळ्यात हे पाणी उकळायचंच बाकी राहील म्हणून ते थंड ठेवणारं यंत्र, आणि लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर. बोअरचं पाणी चालत नाही, त्यात नको ते क्षार फार, म्हणून फिल्टरचं शुद्ध पाणी घेऊन त्यात समुद्राचं तयार मीठ कालवायचं. मी बादलीत मीठ कालवत होते तेव्हा याडी काठी टेकत आली. हात काडीसारखे, पण दंडापर्यंत बांगड्या आणि नजर करडी. तिने बादलीत बोट बुडवून चाखलं.

“मीठ बरोबर हाये,” ती म्हणाली. “आता तुरीची डाळ कवा टाकतं?”

मी हसले, पण खाऱ्या टाकीत मासे लगेच सोडता येत नाहीत हे तिला सांगताना मला घाम फुटला. खडकांमध्ये डोळ्यांना न दिसणारे चांगले जंतू वाढावे लागतात. माशांची घाण पचवणारे तेच. ते वाढेपर्यंत कित्येक आठवडे टाकी रिकामी चालवायची. याडी रोज येऊन आत डोकावायची. “एवढं मोठं घर बांधलं अन् राहाले कोनी नाई,” म्हणायची आणि न जेवता झोपायची.

मासे शेवटी हैदराबादहून प्रेमसिंगभाऊंच्याच ट्रकमधून आले. थर्माकोलच्या डब्यात, पाण्याने फुगलेल्या पिशव्यांत. ड्रायव्हर म्हणाला, इतकी हळू गाडी मी वरातीतही चालवली नाही. पट्टेवाल्या नारिंगी माशांची जोडी, एक निळा मासा, एक लांब मिशांची कोळंबी आणि काही गोगलगायी. आता हे पट्टेवाले मासे फार नाटकी. माणूस दिसला की काचेला येऊन भिडतात, अंग घुसळतात, तोंड उघडतात आणि मिटतात. नुकतं पोटभर खाल्लेलं असलं तरी चार दिवसांचे उपाशी असल्यासारखं सोंग करतात. याडी काचेपुढे आली आणि दोघांनी सोंग सुरू केलं. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग तिने मागे वळून सुनीताला सांगितलं, “बाज इकडे आन.”

आठवडाभराने सुनीताचा फोन आला. “ताई, याडी जेवून राह्यली! ताट घेऊन तिथंच बसते, टाकीपाशी. आज अख्खी बाटी खाल्ली.” बाटी म्हणजे त्यांच्याकडे ज्वारीची भाकर. दुकानात गिऱ्हाईक होतं, नाहीतर नाचले असते. मग मिस्टरांना मुद्दाम जोरात सांगितलं, “पाहा, डॉक्टरनं हात टेकले तिथं मासे लागले कामाला.”

त्यानंतर महिन्याभरात शेवाळ आलं.

आधी आली तपकिरी भुकटी, वाळूवर, काचेवर, खडकांवर. तिला मी घाबरले नाही. नव्या खाऱ्या टाकीला ती येतेच, लहान मुलाला गोवर येतो तशी, आणि आपोआप ओसरते. ती ओसरलीही. पण तिच्या मागोमाग हिरवे केस आले. खडकांवर बोटबोट लांब, पाण्याबरोबर डोलणारे. मी उपटले, आठवड्यात पुन्हा हजर. ब्रशने घासले, उजेडाचे तास कमी केले, गोगलगायी वाढवल्या. गोगलगायी बिचाऱ्या मन लावून खात होत्या, पण कापणीला दोन मजूर आणि रान अख्ख्या शिवाराएवढं. मी टाकीत कोपरापर्यंत हात घालून उपटत असायची आणि याडी बाजेवरून सूचना द्यायची, “तिकडं राह्यलं पाहा. निंदन करताना मुळासकट काढा लागते, बाई.”

शेवाळाला हवं असतं उजेड आणि खत. उजेड मी कमी केला होता, म्हणजे खत कुठून तरी येत होतं. पाणी तपासायची सोपी रीत आहे. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि जो रंग येईल तो तक्त्याशी जुळवायचा. माझ्या नळ्यांना आलेले रंग इतके गडद होते की तक्त्यावर ते सापडेचनात. पाणी म्हणजे नुसतं खत झालं होतं. मी सुनीताला विचारलं, “खाऊ किती टाकता?” ती म्हणाली, “तुमी सांगतला तेवढाच.” आणि माझ्याकडे न पाहता घरात गेली.

मग मी खालच्या टाकीतली गाळणीची पिशवी काढून परसात धुवायला घेतली. पिशवीतून निघाला भाकरीचा लगदा. त्यात तिळाचे दाणे, शेवेचे तुकडे आणि एक अख्खी मेथीची काडी. मी ती काडी चिमटीत धरून सुनीतापुढे नाचवली. तिने मला हाताला धरून सयपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

“ताई, पाया पडतो तुमच्या, याडीले काई बोलू नका,” ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका ‘पडते’ म्हणत नाहीत, ‘पडतो’ म्हणतात. “आधी थे त्याईले खाऊ घालते, मंग सोता जेवते. मासे तिचे पाहुने हायेत. खाऊ बंद केला तर तिचं जेवन बंद होईन.”

आता आली का पंचाईत! शेवाळावर जगात एकच रामबाण उपाय, खाऊ तोडणे. आणि खाऊ तोडला की याडीचा घास तुटणार. मी मेथीची काडी गुपचूप कचऱ्यात टाकली आणि घरी आले.

रस्त्यात माझ्या डोक्यातून एक युक्ती निघाली. मला ती तेव्हा फार हुशारीची वाटली. पुढच्या खेपेला मी याडीजवळ बसून सांगितलं, “याडी, हे समुद्रातले मासे मोठे धार्मिक. सोमवार आणि गुरुवार कडक उपास पाळतात. त्या दिवशी एक कणही टाकायचा नाही.” याडीने माशांकडे आदराने पाहिलं. मी स्वतःवर खूश होऊन परतले. सोमवारी दुपारी सुनीताचा फोन. “ताई, काय सांगून गेल्या तुमी? याडीनं ताट सरकवलं. म्हन्ते, पाहुने उपाशी अन् मी जेवू?” मी धावत तांडा गाठला आणि माशांचा उपास सोडवला. समुद्रात पंचांग वेगळं असतं, माझीच चूक झाली, असं सांगावं लागलं. याडीने त्या आनंदात दोन बाट्या कुस्करून टाकल्या.

यानंतर टाकीत आलं लाल प्रकरण. हिरव्या केसांवर लालसर, बुळबुळीत साय चढली. ती ओढली की चादरीसारखी निघायची आणि खाली कुजका वास. हे आलं म्हणजे पाणी पार हाताबाहेर चाललं असं समजायचं. काचेतून आतलं धड दिसेना. याडी पदराने काच पुसायची, पण मळ आतून होता. आणि एके सकाळी कोळंबी मेली. सुनीताने ती परसात पुरली आणि याडीला सांगितलं की ती माहेरी गेली.

“मले न सांगता?” याडी म्हणाली. “न जेवता गेली?”

त्या दिवशी याडीने अर्धीच बाटी खाल्ली. सुनीताने ते मला फोनवर सांगितलं आणि मला रडू कोसळलं. आता पट्टेवाल्यांपैकी एक जरी गेला, तर या घरात पाहुणा मेला असं होणार. मग याडी कुणासाठी जेवणार होती? इतकी वर्षं माझ्याकडे मासे जगले-मेले, पण माणसाच्या पोटात घास जाणं माझ्या पाण्यावर अवलंबून आहे, असं कधी झालं नव्हतं. मी मिस्टरांना म्हटलं, “बस्स झालं. उद्या जाऊन बोलते.” ते म्हणाले, “नीट बोल.”

मी गेले तेव्हा प्रेमसिंगभाऊ फेरीवरून परतलेले होते. आम्ही तिघं सयपाकघरात उभे राहिलो.

“ताई, मासे मेले तर मी नवे आनतो,” ते हळू आवाजात म्हणाले. “दर महिन्याले आनतो. पन याडीले काई म्हनू नका.”

“भाऊ, या पाण्यात नवेही मरतील. आणि ती तर एकेकाला ओळखते. निळा कोणत्या खडकाखाली झोपतो हे मला माहीत नाही, तिला माहीत आहे.”

“मंग कसं करता?” सुनीता म्हणाली. “तिले सांगतलं तर तिचं मन मोडन.”

बाहेरून काठीचा आवाज आला आणि दार उघडलं. याडी उंबऱ्यात उभी. “तुमी तिघं जनं कायले खुसुरफुसुर करून राह्यले? कोन मेलं?”

शेवटी मीच तिचा हात धरला आणि तिला टाकीपाशी बाजेवर आणून बसवलं. म्हटलं, “याडी, कोळंबी माहेरी नाही गेली. मेली. तुझी बाटी माशांना पचत नाही. ती पाण्यात विरते, कुजते, आणि त्या खतावर हे सगळं शेवाळ माजतं. असंच चाललं तर हे बाकीचेही राहणार नाहीत.”

प्रेमसिंगभाऊंनी मान दुसरीकडे वळवली. सुनीताने पदर तोंडाला लावला. याडी काचेकडे पाहत राहिली. दोन्ही पट्टेवाले लाल सायीतून वाट काढत आले आणि तोंडं उघडू लागले.

“नायक होते तवा आदिलाबादकडून एक पाहुना येत जाय,” याडी बोलू लागली. “पोटात फोड होता त्याच्या. तिखट बंद, तेल बंद. घरात बोकड शिजे, पन त्याले मी कवा रस्सा वाढला काय? येगळ्या गंजात मऊ भात कराव, वरून ताक. दहा दिस राहे थो. पाहुन्याले पथ्य असन तर पथ्याचं वाढा लागते.” मग तिने काठी जमिनीवर आपटली. “या मासोळ्याईले पथ्य हाये, हे मले आधीच काहून नाई सांगतलं? तीन-तीन शहाने मानसं घरात अन् एकाले तोंड नाई! म्हने उपास करतेत!”

आम्ही तिघंही शाळेत मार खाल्लेल्या पोरांसारखे उभे होतो. म्हातारं मन मोडेल म्हणून आम्ही जिला जपत होतो, तिने उभा जन्म नाना तऱ्हेचे पाहुणे सांभाळले होते. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला लाज वाटली आणि हसूही येत होतं.

“मंग खातेत काय थे?” याडीने विचारलं.

मी सांगितलं, या पट्टेवाल्यांना त्यांचा दाणेदार खाऊ, तोही चिमूटभर. पण सशासारख्या तोंडाचा एक पिवळा मासा मिळतो, तो हे हिरवे केस चरतो.

“म्हंजे चारा उभा हाये अन् ढोर आनलंच नाई तुमी!” ती प्रेमसिंगभाऊंकडे वळली. “जाय, घेऊन ये.”

त्यानंतर मी जे केलं ते धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. शेवाळाला घरातून हाकलता येत नसेल तर त्याला घरातच वेगळी खोली द्यायची. कपाटातल्या खालच्या टाकीत मी प्लॅस्टिकची खरबरीत जाळी उभी टांगली. तिच्यावरून पाणी सतत ओघळत राहील असं केलं आणि समोर लालसर दिवा लावला. जास्त उजेड आणि वाहतं पाणी मिळालं की शेवाळ तिथे दाट धरतं, पाण्यातलं खत तिथेच खाऊन टाकतं, आणि वरच्या टाकीतलं उपाशी पडतं. मग आठवड्याला जाळी बाहेर काढायची, पीक खरवडायचं आणि जाळी परत लावायची. वरची लाल साय नळीने ओढून काढली, तळातली कुजकी वाळू धुतली, थोडं थोडं करून पाणी बदललं. एकदम सगळं बदलायचं नाही. खडकातले चांगले जंतू मरतात आणि पहिले पाढे पंचावन्न होतात.

जाळी खरवडायचं काम याडीने माझ्या हातातून काढून घेतलं. “तुले पेंढी बांधता येत नाई,” म्हणाली. ती आठवड्याला परातीत हिरवं काढायची आणि त्याच्या जुड्या करून रोज एकेक त्या पिवळ्या माशाला घालायची. तो सशाच्या तोंडाचा हपापलेला प्राणी तिच्या बोटातून ओढून खायचा. घरचंच पीक, घरचाच पाहुणा, बाहेरून एक कण नाही. नागपूरच्या व्यापाऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, बाई, हे काम करणारा तुमचा माणूस कोण आहे, माझ्याकडे पाठवा. मी म्हटलं, तो माणूस तांडा सोडत नाही.

शेवाळ काही रातोरात गेलं नाही. लाल गेलं, हिरवं रेंगाळलं, मधेच पुन्हा उठलं. दर खेपेला नळीतला रंग थोडा फिका यायचा आणि मी तेवढ्यावर समाधान मानायची. माझी धाकधूक वेगळीच होती. बाटी कुस्करून घालण्यात जी गंमत होती ती या जुड्यांत आहे का? पाहुण्याला पथ्याचं वाढून याडीचं पोट भरतंय का? सुनीताला विचारायची मला भीती वाटायची. तीही आपणहून काही सांगत नव्हती.

होळी होऊन गेल्यावरची दुपार होती. मी टाकीची शेवटची काच आतून घासून खाली उतरले. पाणी हॉटेलच्या फोटोतल्यासारखं निळं दिसत होतं. खडकाच्या मागे थोडं हिरवं होतं, तिथे पिवळा मासा चरत होता. याडी बाजेवर ताट घेऊन बसली होती. तिने आधी जुडी पिवळ्याला घातली, मग पट्टेवाल्यांना मी ठरवून दिलेली चिमूट. हात पुसले आणि मान खाली घालून जेवायला लागली. सावकाश, एकेक घास, वांग्याच्या भाजीशी. मी उगाच बादल्या इकडून तिकडे करत राहिले. ताट रिकामं झालं. याडीने सयपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “सुनीता, आनखी एक बाटी आन.”

सुनीता तव्यावरची बाटी तशीच हातात घेऊन धावत आली. तिने टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दारातच थबकली. “याडी, मासोळ्याईले नाई ना चालत बाटी...”

“त्याईले कोनं मांगतली?” याडीने ताट पुढे केलं. “मले भूक लागली.”